पायाकडे तोंड केलेला कॅमेरा

रामाजी बारापात्रे रागावला की आधी त्याचे कान लाल व्हायचे, मग तोंड सुटायचं. आणि तोंड सुटलं की कामठी रोडवरच्या त्या ओळीतले पंक्चरवाले, बॅटरीवाले, रेडिएटरवाले हातातलं काम ठेवून ऐकायला यायचे. ऐकण्यासारखंच असायचं ते. एकदा कोराडीच्या राखेचा ट्रक त्याच्या टिनाच्या शेडसमोर थांबला. मागचा फाळका निखळला होता. ड्रायव्हर घाईत, खाली न उतरताच ओरडला, "मिस्त्री, दोन टाके मारून दे लवकर." झालं! रामाजीनं डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवला. "टाके चोळीले मारतात. लोखंडाले जोड देतात, जोड! चाल, हट इथून." ड्रायव्हरनं दोनदा चहा आणून दिला, पाया पडायचाच काय तो बाकी राहिला, तेव्हा कुठं काम सुरू झालं. आणि सुरू झालं तर मग संपेचना. एकेक जोड थंड झाला की त्यावर हातोडीचे तीन ठोके. ठोका कानाला पसंत पडला नाही की कापून पुन्हा पहिल्यापासून. सकाळी आलेला ट्रक संध्याकाळी सुटला. पुढं तो ट्रक भंगारात गेला, पण फाळका काही निखळला नाही, असं सारी ओळ सांगायची.

मूळचा तो उमरेडचा, कोष्ट्याच्या घरचा. चौथीपर्यंत शाळा, मग बापाच्या मागाशी. पण तुटलेलं सूत सांधायला जो थंडपणा लागतो तो बापात होता, थोरल्या बहिणीत, अंजनाबाईत होता. रामाजीच्या वाट्याला तो आलाच नव्हता. सूत तुटलं की हा चिडायचा, आणि चिडला की आणखी चार धागे तुटायचे. शेवटी बापच म्हणाला, "रामा, तू लोखंडाकडं जा गा. लोखंडाले रागानं ठोकलं तरी ते काही म्हनत नाही." पोरगा नागपूरला आला, वेल्डिंग शिकला आणि खरंच निवला. म्हणजे राग तेवढाच राहिला, फक्त कामी यायला लागला.

तर अशा माणसाच्या जोडावर एक दिवस बोट उठलं.

गिरिधर वैरागडे हा कन्हानच्या लाकडाच्या टालवाल्याचा एकुलता मुलगा. वय सव्वीस, उंची बेताची, हौस मात्र ताडाएवढी. नागपुरातल्या आठ-दहा हौशी पोरांनी मिळून मोटारींच्या शर्यतीचा एक क्लब काढला होता. उमरेड रस्त्यावरून आत वळलं की लढाईच्या काळातली एक जुनी धावपट्टी पडून होती. विमानं कधीच गेली, बकऱ्या राहिल्या. वर्षातून एकदा, जानेवारीत, त्या बकऱ्या हाकलायच्या, डांबराची रिकामी पिंपं मांडून वळणं करायची आणि फियाट म्हणू नका, हेराल्ड म्हणू नका, जीप म्हणू नका, जे दारात असेल ते पळवायचं. गिरिधरचे पाय पायडलांना नीट पोचत नसत, म्हणून रामाजीनं त्याच्या फियाटचं ब्रेकचं पायडल अडीच इंच वाढवून दिलं होतं. जोड असा, की वरून बोट फिरवलं तरी कळू नये. त्या जोडाचं रामाजीला स्वतःलाच इतकं कौतुक, की पंच्याऐंशीच्या जानेवारीत त्यानं उमरेडहून अंजनाबाईच्या नवऱ्याला, धोंडबाला, मुद्दाम बोलावून घेतलं. "या भाऊजी, माह्या हातची गाडी पळताना पाहा."

धोंडबा आला. साधा विणकर माणूस, कुणाला नाही म्हणता येत नसे. क्लबवाल्यांनी हातात लाल निशाण दिलं आणि तिसऱ्या वळणावर उभं केलं, तर हा उभा राहिला. गिरिधरची गाडी त्या वळणावर वळलीच नाही. पिंपं उडवत सरळ आली आणि धोंडबाचा डावा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडून थांबली.

गाडीतून उतरताच गिरिधर काय म्हणाला? "म्या गॅसवरचा पाय काढून ब्रेक दाबला होता. पायडलच वाकलं. रामाजीच्या जोडानं दगा देला." पायडल खरंच वाकलं होतं. गाडीचं नाक आत गेलेलं, इंजिन मागं सरकलेलं. त्यात पायडल तेवढं सरळ कसं राहणार? पण तिथं कोण ऐकतो. रामाजी होता सुरुवातीच्या रेघेपाशी, अर्धा मैल दूर. तो धावत पोचेपर्यंत शंभर माणसांनी ते वाक्य ऐकलं होतं.

धोंडबा पंधरा दिवस नागपूरच्या दवाखान्यात होता. ते पंधरा दिवस रामाजी कुठं होता? भंगारात. गिरिधरच्या बापानं मोडलेले भाग फेकून दिले होते. त्यातून रामाजीनं ते पायडल हुडकून काढलं. आणि धोंडबाला प्लास्टर घालून घरी नेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पोत्यात गुंडाळून एसटीनं उमरेडला गेला. अंगणात उभा राहून त्यानं पायडल वर धरलं आणि सगळ्या आळीला ऐकवलं, "पाहा! वाकलं, पन जोड उघडला का? एक केस तरी दिसते का फटीत?" तासभर चाललं हे. अखेर अंजनाबाई बाहेर आली, म्हणाली, "झालं तुह्यं? जाय आता," आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. भाऊबिजेला तिकडून निरोप नाही, इकडून हा गेला नाही. धोंडबाला पाय दाखवायला दर सोमवारी नागपूरला यावं लागे. अंजनाबाई त्याला घेऊन एसटीनं येई, दवाखाना करी आणि भावाच्या घरावरून सरळ परत जाई. रामाजी बायकोला, मनकर्णेला, सांगायचा, "तिले वाटते माह्या हातानं तिचा नवरा लंगडा झाला. जोड पक्का होता हे तिले पटलं पाहिजे. बाकी मले दुनियेशी घेनं-देनं नाही." दुनिया मात्र टोमणे मारायची सोडत नव्हती. पंक्चरवाला म्हणायचा, "मिस्त्री, स्टँड जोडून दे सायकलचा. पायडलसारखा नको जोडू गा." एकदा रामाजीनं त्याच्या अंगावर पान्हा फेकला. लागला नाही. दोघांनाही वाईट वाटलं.

असं वर्ष सरत आलं. डिसेंबरात एका दुपारी गिरिधरची दुरुस्त झालेली फियाट शेडसमोर थांबली. सोबत बाबाराव घाटोळे. हा सीताबर्डीवर लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. गावात असे दोन-चारच जण होते तेव्हा. गाडीत बसून राहिलेल्या गिरिधरला पाहून रामाजीचे कान लाल झाले. बाबाराव पुढं आला.

"रामाजी, रागावू नको गा. काम आहे. ह्यायले गाडीत व्हिडिओ कॅमेरा लावाचा आहे. शर्यत चालू असताना आतून शूटिंग करायची."

"लाव नं मंग. लग्नात लावतंच नं तू."

"अरे लग्नात नवरदेव थांबते, गाडी थांबते का? तीन मिस्त्र्यायले दाखवून आलो. माह्या कॅमेऱ्याची काळजी वाटते मले. असा पक्का बसवनारा तुह्याशिवाय कोनी नाही."

गाडीतून गिरिधर म्हणाला, "मले चेहरा आला पाहिजे नीट. विदेशी कॅसेटमधे पाह्यलं म्या. हेल्मेट, स्टिअरिंग, सगळं दिसते."

रामाजी गाडीपाशी गेला. खिडकीत वाकला. सगळी ओळ टपून बसली होती, आता पान्हा कुणावर जातो ते पाहायला. पण रामाजी हळू बोलला, आणि तेच भीतिदायक वाटलं.

"लावतो. पन तोंडाकडं नाही लावनार. पायाकडं लावीन. तिन्ही पायडलं दिसतीन, तुहे दोन्ही पाय दिसतीन, काचेतून वळन दिसंन. मंग पाहू ब्रेक कोन दाबते आन केव्हा दाबते."

"पायाचं शूटिंग कोन पाह्यते बे?"

"मी पाह्यतो. माही बहीन पाह्यते. काहून? भेतं का?"

पंक्चरवाला तेवढ्यात म्हणाला, "भेनार नाही तं का. पाय उघडा पडंन." सगळे हसले. गिरिधर तरणा, त्यात टालवाल्याचा मुलगा. इतक्या लोकांत माघार घेणं त्याला जमलं असतं का? "लाव," तो म्हणाला. "जिथं वाटंल तिथं लाव. पायडलही तूच नवं बनव, पह्यल्यासारखंच. यंदा मी पह्यला येनार हाओ."

रामाजीनं पायडल बनवलं, अगदी पहिल्यासारखं, अडीच इंच वाढवून. आणि मग कॅमेऱ्याच्या मागं लागला.

तो कॅमेरा म्हणजे काही आजच्यासारखा खिशात मावणारा नव्हता. बाबाराव त्याला टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीनं तान्हं आणावं तसा घेऊन आला. कॅमेरा वेगळा, कॅसेट फिरवणारा डबा वेगळा, दोघांत हाताच्या बोटाएवढी जाड वायर. रामाजीनं आधी आपल्या स्वभावाप्रमाणं केलं. शेजारची सीट काढून टाकली, तिथं जाड पट्टी ठोकली, तिच्यावर कॅमेरा बोल्टानं आवळला, आणि कोराडीच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणली. ट्रकांनी खणून काढलेला तो रस्ता! बाबारावच्या टीव्हीवर पाहिलं तर पायडलं, पाय, फरशी, सगळं एकमेकांत कालवलेलं. पाहता पाहता बाबारावच्या बायकोला मळमळायला लागलं.

"मऊ ठेव गा, मऊ," बाबाराव म्हणाला. "खाली फोमची गादी दे."

दिली. आता चित्र थरथरेना, पण नावेत बसल्यासारखं इकडून तिकडं झुलायला लागलं. एकदा पाय दिसत, एकदा छत. रामाजीनं गादी काढून रस्त्यावर फेकली, गादीला शिव्या दिल्या, बाबारावला दिल्या, ज्यानं कॅमेऱ्याला खाली एकच भोक ठेवलं त्या कारखानदाराला दिल्या. आणि शिव्या देता देताच पायाशी पडलेल्या तिवईवर बसला. ती शेडमधली खडबडीत जमीन, तिच्यावर चार पायांचं स्टूल नेहमी डुगडुगायचं. तीन पायांची तिवई कधी नाही. तो उठला, तिवईकडं पाहिलं आणि तिलाही एक शिवी हासडली, पण ती मायेची.

मग त्यानं असं केलं. ड्रायव्हरच्या मागं छतापासून फरशीपर्यंत पाइपाची कमान होतीच, शर्यतीसाठी घातलेली. तिथून एक नळी, दाराच्या खांबाकडून दुसरी, फरशीवरून तिसरी. तिन्हींच्या टोकांवर कॅमेऱ्याचं घरटं. खालून बोल्ट, आणि पुढं तोंडापाशी वरून एक पट्टी, आतून सायकलची ट्यूब चिकटवलेली. दोन टोकांनी धरला म्हणजे मान हलवायला जागाच नाही. कॅसेटचा डबा मात्र कापसाच्या उशीत, चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधून. कारण आत फीत फिरते, तिला धक्का चालत नाही. आणि सगळं मोडलंच तर गिरिधरच्या डोक्यात कॅमेरा बसू नये म्हणून एक साखळी. बाबाराव म्हणाला, "एवढी काळजी काहून करतं त्याची?" रामाजी उखडला. "त्याची नाही. पुन्हा माह्या कामाचं नाव नाही आलं पाहिजे!"

पायाशी अंधार, त्या काळच्या कॅमेऱ्यांना अंधारात काही म्हणजे काही दिसत नसे. म्हणून डॅशबोर्डाखाली दोन छोटे बल्ब लावले आणि ब्रेकचं पायडल पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलं. पुन्हा कोराडीचा रस्ता. पुन्हा टीव्ही. चित्र असं स्थिर, की गिरिधरच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली. बाबारावनं रामाजीच्या पाठीवर थाप मारली. रामाजी म्हणाला, "हात काढ. आधी शर्यत होऊ दे."

शर्यतीच्या दिवशी सकाळी मनकर्णा डबा घेऊन धावपट्टीवर आली. डब्यासोबत ताम्हण होतं, हळदकुंकू, नारळ. यात तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून रामाजीनंच तिला शिकवलं होतं, की नवं हत्यार असो, यंत्र असो, कुंकू लागल्याशिवाय कामाला लावायचं नाही. वेल्डिंगच्या मशीनला कुंकू, पान्ह्याला कुंकू, दसऱ्याला तर घणापासून खिळ्याच्या डब्यापर्यंत सगळ्यांना. रामाजी तेव्हा गाडीखाली शिरून एकेक नट शेवटचा आवळत होता. तिनं नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मग उघड्या दारातून आत वाकून नवऱ्यानं महिनाभर रक्त आटवून केलेलं ते यंत्र पाहिलं. हात जोडले. ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या बरोबर काचेवर, मधोमध, ठसठशीत टिळा लावला.

बाबारावनं घाईत मागून हात घालून कळ दाबली, कॅमेऱ्याच्या तोंडाकडं कुणी पाहिलंच नाही. शर्यत झाली. गिरिधर पहिला वगैरे काही आला नाही, चौथा आला. तिसऱ्या वळणावर दर फेरीला गाडी गवतात जायची आणि कशीबशी परत यायची. यंदा तिथं कुणाला उभं केलं नव्हतं. गाडी थांबली, बाबाराव कॅमेरा सोडवायला आत शिरला आणि किंचाळला.

"अरे बाप्पा! माह्या काचेले रंग कोनं लावला?"

रामाजीनं पाहिलं. बाजूला उभ्या मनकर्णेचं बोट अजून लाल होतं.

"वं! तू लावलं हे?"

"मंग? तुमीच तं म्हनता कुंकू लावल्याबिगर..."

"अवं, काचेवर! काचेवर काहून?"

"मंग कोठी लावू?" तीही चिडली. "कपाळ आहे का त्याले? मधात तो एकच डोळा. तिथंच लावा लागंन नं."

धावपट्टीवरच्या बकऱ्या परत आल्या होत्या, त्या बिचकून पळाल्या, इतका रामाजी ओरडला. वर्षभराचं सगळं ओरडला. बहीण, पायडल, क्लब, लंगडा पाय, कुंकू. मनकर्णा ऐकत राहिली, मग डबा उचलून म्हणाली, "उद्या सोमवार आहे. बाईले आन भाऊजीले म्या निरोप धाडून बाबारावच्या दुकानावर बोलावलं आहे. भाऊजी म्हनले, टीव्हीवर गाडी पाहू. जे दिसंल ते दिसंल." आणि घरी निघून गेली. डबा रामाजीनं खाल्ला नाहीच. तो तिनं परत नेला होता.

सोमवारी दुपारी सीताबर्डीच्या दुकानामागच्या खोलीत सगळे जमले. धोंडबा काठी टेकत आला आणि खुर्चीत बसला. अंजनाबाई त्याच्या मागं उभी, पदर घट्ट ओढून, भावाकडं न पाहता. मनकर्णा दाराशी. गिरिधर टेबलाला टेकून एक पाय हलवत उभा. बाबारावनं कॅसेट घातली.

पडदाभर लाल धुकं. जसं कुणी लाल लुगड्याच्या पदराआडून दाखवतंय. धुक्यात खाली काहीतरी काळं हलतंय, मधे एक फिकट डाग येतो-जातो. तो डाग म्हणजे पांढरं पायडल असेल, किंवा बुटाचा तळवा असेल, किंवा काहीच नसेल.

"वा रे वा," गिरिधर हसला. "यातला माहा पाय कोनता आन पायडल कोनतं? सांग नं मिस्त्री. महिनाभर मले पाय दाखवतो म्हनून राहिला होता."

रामाजी पडद्याला नाक लावून पाहत होता. कान पेटले होते. "मागं घे. पुन्हा लाव. इथं, इथं पाहा, हा पाय हलला नाही." बाबारावनं तीनदा मागं घेतलं. तीनदा तेच लाल धुकं. अंजनाबाई धोंडबाला म्हणाली, "चाला. गाडी सुटंन."

धोंडबा उठला नाही. म्हणाला, "बाबाराव, ह्याले आवाज नाही का गा?"

आता इथं एक गोष्ट आहे. लग्नाच्या कॅसेटचा मूळ आवाज कुणालाच नको असतो. त्यात आचाऱ्याची भांडणं आणि पोरांचं रडणं. तो काढून वर गाणी टाकायची असतात. त्यामुळं कॅसेट लावली की आवाजाची कळ शून्यावर नेणं ही बाबारावच्या बोटांची सवयच झाली होती. आणि रामाजी? ठोक्यावरून जोड ओळखणारा माणूस, पण रागानं डोळे एवढे फाडलेले, की कानही आहेत याची त्याला आठवण राहिली नव्हती.

बाबारावनं कळ फिरवली. खोलीत गाडी शिरली. इंजिनाचा आवाज, पत्र्याचा खडखडाट, खालची खडी. धोंडबानं डोळे मिटले. विणकराचे कान ते. चार माग चालू असताना कोणत्या मागावर धोटा अडकला ते स्वयंपाकघरातून सांगणारे.

तिसरं वळण आलं असावं. इंजिन एकाएकी मोकळं सुटल्यासारखं बोंबललं, उंच, आणखी उंच, आणि बऱ्याच वेळानं टायर कोकलले.

"हाच!" धोंडबानं काठी आपटली. "मागं घे. हाच आवाज. अंगावर येईपर्यंत अशीच बोंबलत होती. मी दवाखान्यात सगळ्यायले सांगत नव्हतो का, गाडी बोंबलत आली म्हनून?"

"सांगत होते," अंजनाबाई हळू म्हणाली. "आमाले वाटलं, तापात बोलून राहिले."

बाबारावनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. प्रत्येक फेरीला, त्याच वळणावर, आधी बोंब, मग टायर. आता रामाजी पडद्यापासून दूर झाला. त्याला सगळं एकदम कळलं होतं आणि त्यामुळं आवाज खाली आला होता.

"गिरिधर, ब्रेक कोन्या पायानं दाबतं तू?"

"उजव्या."

"आन गॅस?"

गिरिधरचा हलता पाय थांबला.

"गॅस कोन्या पायानं, म्हनलं?"

"उजव्याच."

"गॅसवर पाय असल्याबिगर इंजिन असं बोंबलत नाही. डाव्या पायानं क्लच दाबून गाडी मोकळी केली तू, आन उजवा गॅसवर तसाच. यंदा ब्रेक उशिरानं तरी लागला. मागल्या वर्षी भाऊजीच्या अंगावर येईपर्यंत बोंबलतच होती. मंग ब्रेक दाबला तो कोन्या पायानं? उजवे पाय किती आहेत तुले?"

गिरिधरचा चेहरा उतरला. "मले त्या वक्ती काही समजलंच नाही यार. सगळं इतकं झटपट झालं..."

"समजलं नाही, तं समजलं नाही म्हनाचं होतं! पायडलचं नाव कोनं घेतलं?"

गिरिधर धोंडबाकडं वळला. "काका, चुकलो."

"माह्या पायाले सांगून का फायदा?" धोंडबा म्हणाला. "जिथं ह्याचं नाव खराब केलं तिथं जाऊन सांग."

बाबारावनं कॅसेट काढून गिरिधरसमोर धरली. रामाजी म्हणाला, "ने. तुह्या लग्नात लाव." आणि छाती भरून बहिणीकडं वळला. वर्षभर ज्या घटकेची वाट पाहिली ती आली होती.

"पाह्यलं बाई? आता पटलं? माह्या जोडाचा दोष नव्हता."

अंजनाबाईनं प्रथमच त्याच्याकडं पाहिलं.

"तुह्या जोडाचा दोष आहे असं मी कव्हा म्हनलं रे?"

रामाजीची भरलेली छाती खाली बसली.

"नाही, सांग नं. कव्हा म्हनलं? ह्यायले घरी आनलं त्याच्या दुसऱ्या रोजी तू आला. अंगात ताप होता, पाय उशीवर ठेवलेला. म्या म्हनलं, भाऊ आला, आता धीर येईन. तं तू पोत्यातून लोखंड काढलं आन आंगनात उभा राहून बोंबलला. जोड पाहा, जोड पाहा! माह्या दारात सारी आळी गोळा केली. आत येऊन एक डाव तरी इचारलं का, भाऊजी, दुखते का म्हनून? पंधरा दिवस दवाखान्यात होते, किती डाव आला? भंगारात पायडल शोधत होता म्हने!"

"बाई, माह्यं नाव..."

"तुह्यं नाव! पायपट्ट्या दाबता येत नाही म्हनून ह्यायचा माग वर्षभर बंद आहे. तो कोनाले दिसला? पन्नास सोमवार झाले, पन्नास. ह्यायले धरून एसटीत चढवतो, धरून उतरवतो, स्टँडवरच्या बाकड्यावर बसून भाकर खातो. तुह्यं घर तिथून सायकलनं किती दूर आहे? आन तू बसला कॅमेरे लावत. मले पटवाले! मले कॅमेरा नव्हता पाह्यजे. मले दुसरा हात पाह्यजे होता, ह्यायले धराले."

रामाजीचे कान लाल झाले होते, ओठ हलत होते. दाराशी मनकर्णेनं डोळे मिटून घेतले, कारण आता काय होणार हे तिला वीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. पण तसं काही झालं नाही. रामाजीला राग आला होता, पण आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण समोर त्याच्याशिवाय कुणीच गुन्हेगार उरला नव्हता.

"फुडल्या सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो आमी," अंजनाबाई म्हणाली. "स्टँडवर ये. आन तोंड बंद ठेवून ये."

गिरिधर त्या गुरुवारी स्कूटरवरून ओळीत आला आणि चहाच्या टपरीसमोर उभं राहून जे बोलायचं ते बोलला. इतकं हळू बोलला, की पंक्चरवाल्यानं त्याला आणखी दोनदा बोलायला लावलं. रामाजी शेडमध्ये काम करत होता. बाहेर आला नाही. लोक बोलवायला गेले तर म्हणाला, "ऐकलं. जाऊ द्या त्याले."

सोमवारी उमरेडची गाडी यायची होती साडेनऊला. हा सातपासून स्टँडवर. गाडी आली, त्यानं धोंडबाला काखेत हात घालून उतरवलं, सायकल-रिक्षात बसवलं, शेजारी अंजनाबाई बसली, आणि स्वतः सायकलवरून बाजूनं निघाला. कबूल केल्याप्रमाणं तोंड बंद. पहिला चौक बंद. दुसरा चौकही बंद. तिसऱ्या चौकाशी रिक्षाचं चाक खड्ड्यात गेलं, धोंडबानं ओठ दाबले आणि रामाजीचा सगळा निश्चय एका क्षणात उडाला.

"अबे आंधळ्या! मानूस बसला आहे आत, का कोळशाचं पोतं? खड्डा दिसत नाही?"

रिक्षावाला उलट ओरडला. रामाजीनं सायकल त्याच्यापुढं आडवी घातली. मागं दोन ट्रक थांबले, तेही भोंगे वाजवायला लागले; रामाजीनं मान वळवून त्यांनाही सुनावलं, आणि मान तशीच मागं ठेवून सायकलवर पुढं निघाला, एका हातानं हँडल धरून, दुसऱ्यानं रिक्षाला खड्ड्याच्या कडेनं रस्ता दाखवत.

"रामा," रिक्षातून अंजनाबाई म्हणाली, "ओरडाचं ते ओरड. पन समोर पाहून सायकल चालव."